आधी बॅकअप, मग हार्ड डिस्कची तपासणी

हार्ड डिस्क ठीक आहे की नाही ते कसं बघायचं असं कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बॅकअप कधी घेतलाय? बहुतेक वेळा ही दोन कामं उलट्या क्रमाने होतात. कॉम्प्युटर रखडायला लागतो, फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, मधेच सगळं थिजतं, की आपण पहिल्यांदा चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) लावतो नाहीतर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग मांडणं) चालू करतो, म्हणजे जी डिस्क आधीच धापा टाकतेय तिला रात्रभर पळवतो आणि सकाळी ती उठतच नाही. मग बॅकअपची आठवण येते. म्हणून आधी फाइल्स बाहेर काढा, मग डिस्कची नाडी बघा. डिस्क नवीकोरी असली तरीही हाच क्रम.

माझ्या जुन्या लॅपटॉपचं सांगते. एका फोल्डरमधले फोटो कॉपी करत होते, हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे येऊन थांबली आणि आतून हलका आवाज, टक... टक... मग शांतता, परत टक. पाच मिनिटांनी पट्टी पुढे सरकली म्हणून मी सोडून दिलं, फोल्डर मोठा असेल म्हटलं. नंतर त्यातला एक फोटो उघडला तर वरचा अर्धा भाग नीट आणि खाली नुसता करडा पट्टा. तेव्हा कुठे डिस्कचे आकडे काढून बघितले, पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या जागा, ८. तीन दिवसांनी २४. आठवड्याने ११२. तोपर्यंत मी बाकीचं सगळं काढून घेतलं होतं म्हणून वाचलं, कारण पंधरवड्यात ती डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्राममध्ये, दिसायचीच बंद झाली. तो करड्या पट्ट्याचा फोटो मात्र कायमचा गेला, त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

आता बॅकअप. सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं खूप जण मानतात. बहुतेक घरच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन्स, म्हणजे भाग, असतात, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे खाली 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा ओळी दिसतात, सी आणि डी एकाच ओळीत असतील तर ती एकच डिस्क आहे. बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर ठेवलेली कॉपी.

काय काय घ्यायचं? विंडोज आणि प्रोग्राम्स परत टाकता येतात, तुमचे फोटो आणि कागदपत्रं परत टाकता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की यादी आपोआप होते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डेस्कटॉप हे सगळ्यांना सुचतं. डाउनलोड्स विसरलं जातं आणि खरं तर तिथेच निम्म्या पावत्या आणि सर्टिफिकेटं पडून असतात. ब्राउझरचे बुकमार्क एक्स्पोर्ट करून घ्या. मेल आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये कॉम्प्युटरवरच उतरवत असाल तर त्याची फाइल वेगळ्याच जागी, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असू शकते, ती शोधून घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटा कुठे सेव्ह होतो ते त्याच्या सेटिंगमध्ये बघा, कारण असे प्रोग्राम बऱ्याचदा सी किंवा डी ड्राइव्हवर स्वतःचाच एक फोल्डर करून बसतात.

आणि एक गोष्ट जी फाइल नाही पण फाइलींइतकीच महत्त्वाची, बिटलॉकरची रिकव्हरी की. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, आणि हल्ली बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपल्याला न विचारताच चालू असतं. मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये काही बदललं, किंवा डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की तो ४८ आकड्यांची की मागतो आणि ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आत जाता येत नाही. विंडोज सर्चमध्ये बिटलॉकर टाइप करा, चालू आहे का बघा, असेल तर की कागदावर लिहून घ्या किंवा प्रिंट काढा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका, कुलूप लावून किल्ली आतच ठेवल्यासारखं होईल.

कॉपी कशावर घ्यायची याचं सरळ उत्तर, एक्स्टर्नल हार्ड डिस्क. तुमच्या एकूण फाइल्सच्या किमान दुप्पट जागा असलेली घ्या. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, त्यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पेनड्राइव्ह एका ठिकाणाहून दुसरीकडे फाइल न्यायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नको. डिस्क फॅट३२ मध्ये (फाइल्स मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जात नाही, मोठे व्हिडिओ तिथेच अडतात, म्हणून विंडोजसाठी एनटीएफएस, आणि मॅकवरही वापरायची असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, ते रिकाम्या डिस्कवरच करा.

पहिला बॅकअप अगदी साधा घ्या, कुठलंही सॉफ्टवेअर नको, एक्स्टर्नल डिस्कवर आजच्या तारखेच्या नावाचा फोल्डर करा आणि फोल्डर उचलून त्यात कॉपी करा. कट पेस्ट नाही, कॉपी. मधेच काही झालं तर कटमध्ये फाइल्स अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे होतात. निळ्या यूएसबी पोर्टला लावा, शक्यतो यूएसबी ३ असतो. साधी फिरणारी डिस्क त्यावर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास चालते, म्हणजे ३०० जीबीला पाऊण ते एक तास, तेच जुन्या यूएसबी २ वर अडीच तासांच्या घरात जातं. हजारो छोट्या फाइल्स असतील तर दोन्हीकडे आणखी वेळ लागणार, घाबरू नका. झालं की 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा, कारण पट्टी संपली तरी शेवटचा थोडा डेटा लिहायचा बाकी असू शकतो.

हे एकदा झालं की मग रोजचं काम एखाद्या प्रोग्रामवर सोपवा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधलं फाइल हिस्टरी बरं आहे, डिस्क लावलेली असेल तेव्हा दर तासाला बदललेल्या फाइल्स घेतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतं, म्हणजे एखादा रिपोर्ट चुकून बिघडवून सेव्ह केला तर कालचा परत मिळतो. पण त्यात एक खाच आहे आणि तिथे मी स्वतः ठेचकाळलेय. फाइल हिस्टरी फक्त डेस्कटॉप, विंडोजच्या लायब्ररीत (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंच्या यादीत) असलेले फोल्डर आणि अजून एकदोन ठरलेल्या जागा घेतं, बाकीचं नाही. माझा स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा फोल्डर डी ड्राइव्हवर बाहेरच होता, सात-आठ महिने मी निश्चिंत होते, आणि एकदा सहज बॅकअप उघडला तर त्यात तो फोल्डर नव्हताच. पोटात गोळा आला. मूळ जागेवर तो सुखरूप होता हे नशीब. तर असा बाहेरचा फोल्डर असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' करा, मग तो घेतला जातो.

फ्रीफाइलसिंकसारखा प्रोग्राम वापरणार असाल तर 'मिरर' आणि 'अपडेट' यातला फरक समजल्याशिवाय बटण दाबू नका. अपडेट नव्या आणि बदललेल्या फाइल्स पलीकडे नेतं. मिरर पलीकडची बाजू हुबेहूब इकडच्यासारखी करतं, म्हणजे इकडे जे डिलीट झालं ते तिकडेही डिलीट. दिशा उलटी पडली, रिकामी बाजू मूळ म्हणून निवडली, तर दोन मिनिटांत बॅकअप साफ. मॅकवाल्यांना एवढा विचार करावा लागत नाही, टाइम मशीन २००७ पासून सिस्टिममध्येच आहे, डिस्क लावली की विचारतं, हो म्हणायचं.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हवर आहे की सगळं, मग कशाला? मलाही हे ऐकायला मिळतं. ते सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल्स सारख्या ठेवणं. लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग संपली. ज्या फाइलची आठवण तुम्हाला वर्षातून एकदाच येते ती नेमकी अशीच हरवते. क्लाउड जरूर वापरा, घराबाहेरची कॉपी म्हणून ते फार कामाचं आहे, पण एकमेव कॉपी म्हणून नको. यासाठी ३-२-१ असा एक जुना नियम आहे, एकूण ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. घराबाहेरची का, तर चोरी, आग, पाणी यात लॅपटॉप आणि शेजारच्या खणातली डिस्क दोन्ही बरोबरच जातात. क्लाउड नको असेल तर दुसरी एक्स्टर्नल डिस्क घेऊन नातेवाइकांकडे ठेवा, त्यावर पासवर्ड लावून, आणि भेटायला जाल तेव्हा अदलाबदल करा.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका हेही इथेच सांगते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं तर ते कॉम्प्युटरला दिसणारी प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतं, बॅकअपचीसुद्धा. वीज कडाडली किंवा व्होल्टेज उसळलं तरी जोडलेलं सगळं धोक्यात येतं. फाइल हिस्टरीसाठी आठवड्यातून दोनदा संध्याकाळभर लावा आणि काढून ठेवा, तेवढं पुरतं.

आणि परत काढून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं मानू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतल्या दहा-बारा फाइल्स खरंच उघडा, फोटो खालपर्यंत दिसतोय का, व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून चालतोय का, एक्सेलची शीट उघडतेय का. मूळ फोल्डर आणि बॅकअपचा फोल्डर दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्याने किती हलकं वाटतं ते करून बघा.

आता शांत डोक्याने डिस्ककडे वळू. प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी (न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) स्वतःची नोंदवही ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम आहे, तो अधिकृत साइटवरूनच घ्या. उघडला की वर निळ्या रंगात 'गुड', पिवळ्यात 'कॉशन' किंवा लालमध्ये 'बॅड' दिसतं. लोक तेवढाच रंग बघून बंद करतात. खाली बघा, खरी माहिती तिथे आहे.

उजवीकडचा 'रॉ व्हॅल्यूज' हा रकाना महत्त्वाचा. तो सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे अक्षरं मिसळलेल्या आकड्यांत, असतो, फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज '१० डेक' करा म्हणजे नेहमीचे आकडे दिसतील. मग या ओळी शोधा. ०५, रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कने खराब झालेली जागा बाजूला काढून तिच्याऐवजी राखीव जागा किती वेळा वापरली. सी५, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला जी जागा वाचता आली नाही आणि तिचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. सी६, अनकरेक्टेबल, म्हणजे ज्या जागांमधली चूक डिस्कला दुरुस्त करता आली नाही. या तिन्हींमध्ये शून्य असायला हवं. मला सगळ्यात जास्त भीती सी५ ची वाटते, कारण ०५ मध्ये डिस्कने निदान सोय लावलेली असते, सी५ मध्ये तुमची एखादी फाइल आत्ता या क्षणी वाचता येत नाहीये. माझा करडा पट्टा तोच होता.

सी७ म्हणजे सीआरसी एररची, डिस्क आणि कॉम्प्युटरमध्ये डेटा जाता-येताना झालेल्या चुकांची, ओळ वेगळी आहे. तिथे आकडा असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून केबलचा असतो. डेस्कटॉप असेल तर बंद करून, प्लग काढून, डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांनी नीट बसवा किंवा बदला. तो आकडा परत शून्य होत नाही, म्हणून आज किती आहे ते लिहून ठेवा आणि वाढतोय का एवढंच बघा. याउलट 'रीड एरर रेट'समोर काही कंपन्यांच्या डिस्कवर कोटींतले आकडे दिसतात, ते त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे, त्याने झोप उडवून घेऊ नका.

'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. २०,००० तास म्हणजे रोज आठ तास धरले तर पावणेसात वर्षांच्या जवळ. एवढं झालं म्हणून लगेच काढून टाकायला नको, पण एकमेव कॉपी तिच्यावर ठेवायची नाही. तापमान फिरणाऱ्या डिस्कचं ५० अंशांच्या खाली असू द्या, सतत वर जात असेल तर पंख्यातली धूळ काढा.

मॅकवर डिस्क युटिलिटीत डिस्क निवडली की स्मार्ट स्टेटस 'व्हेरिफाइड' किंवा 'फेलिंग' एवढंच कळतं. लिनक्सवर डिस्क्स नावाचं ॲप असेल तर त्याच्या मेन्यूत स्मार्टचे आकडे आणि चाचण्या दोन्ही मिळतात. विंडोजवर चाचणी करायची असेल तर जीस्मार्टकंट्रोल टाका, त्यात शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांत होते, एक्स्टेंडेड टेस्ट सगळी डिस्क वाचून काढते आणि तिला काही तास लागतात. ही मोठी टेस्ट रात्री लावा, लॅपटॉप चार्जरला जोडून आणि स्लीप बंद करून, पण अर्थात बॅकअप झाल्यावरच.

सगळे आकडे शून्य आले तरी मी आधी बॅकअप का म्हणते? २००७ साली गूगलने आपल्याकडच्या १ लाखाहून जास्त डिस्क्सचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्क्सपैकी ३६ टक्क्यांहून जास्त अशा होत्या की तापमान सोडलं तर स्मार्टच्या एकाही आकड्यात त्यांनी काही दाखवलंच नव्हतं. म्हणजे दर तीनपैकी एक न सांगता गेली. त्याच अभ्यासात हेही निघालं की तपासणीत पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. तेव्हा स्मार्टने वाईट सांगितलं तर लगेच विश्वास ठेवा, चांगलं सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

एसएसडीचं थोडं वेगळं. तिथे टकटक नाही, करकर नाही, एक दिवस कॉम्प्युटर चालू होतो आणि डिस्क सापडत नाही म्हणतो. एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) असेल तर 'परसेंटेज यूज्ड' बघा, किती टक्के आयुष्य वापरलं ते, आणि 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' शून्य हवं. 'अनसेफ शटडाउन्स' वाढत असेल तर वीज जाऊन किंवा पॉवर बटण दाबून मशीन बंद होतंय. एसएसडीवरून डिलीट झालेलं परत मिळवणं फार अवघड, कारण ट्रिम चालू असलं की ती जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. आणि एसएसडीवर बॅकअप घेऊन कपाटात दोन-चार वर्षं ठेवून देऊ नका, वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरू शकतो, जुनी झालेली असेल तर लवकर.

आकडे वाईट निघाले आणि बॅकअप नसेल तर? नवं काही इन्स्टॉल करू नका, चेकडिस्क नको, डीफ्रॅग नको. सगळी डिस्क एकदम कॉपीला लावू नका, ज्याच्याशिवाय चालणार नाही तो फोल्डर आधी, मग त्याखालचा. एखाद्या फाइलवर अडकलं तर 'स्किप' करा आणि पुढे जा, तिच्याकडे नंतर परत येता येईल. लिनक्सची सवय असेल तर डीडीरेस्क्यू हेच काम फार हुशारीने करतं, आधी जे सहज वाचता येतं ते काढून घेतं आणि अवघड जागांवर शेवटी येतं, मधे बंद पडलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. डिस्क मोठ्याने टकटकत असेल किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा आणि बंद करा, प्रत्येक वेळी चालू करताना आतलं हेड तबकडीवर ओरखडे काढत असू शकतं. डेटा तेवढा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. घरी उघडू नका, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा तो जुना उपाय अजिबात नको, आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

नवी डिस्क बसवून डेटा परत टाकला की जुनी लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर बाजूला ठेवा, या महिन्यात काहीतरी राहिलेलं आठवतंच, कुणाचं तरी जुनं सर्टिफिकेट, एखादा फॉन्ट, टॅक्सची फाइल. माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावलीय, तिच्यावर पेनाने शेवटच्या बॅकअपची तारीख आणि लॅपटॉपच्या डिस्कचे ०५, सी५, सी६ चे आकडे लिहिते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी ओळ, पट्टी भरली की दुसरी.